दादरा-नगर हवेली १९५४ : मदत नेमकी कोणती?

वाशिमहून आजचा एपिसोड. परक्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांना एखादं सरकार गुपचूप मदत करतं, म्हणजे काय करतं? आपल्या डोक्यात लगेच बंदुकांच्या पेट्या येतात. पण ही गोष्ट ऐका.

दादरा आणि नगर हवेली तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, पण चारही बाजूंनी भारत. दमणहून तिकडे जायचं तर आपल्याच हद्दीतून. जुलै १९५४ मध्ये दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा. लढणारे कोण? आझाद गोमंतक दल, इतर काही गट आणि महाराष्ट्रातून गेलेले स्वयंसेवक. त्यात बाबासाहेब पुरंदरे होते, सुधीर फडकेही. हो, तेच, ज्यांचं 'गीतरामायण' पुढच्याच वर्षी रेडिओवर आलं!

पोर्तुगालचा आरोप होता, यामागे भारतच आहे. सीमेवर भारतीय राखीव पोलीस होते. त्यांचे अधिकारी नगरवाला, गांधीहत्येच्या तपासातले. पण सगळ्यात मोठी मदत उघडउघड होती. दमणहून कुमक जाऊ द्यायला भारताने नकार दिला. आपल्या भाषेत, 'परमिशन डिनाइड'.

प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. निकाल १२ एप्रिल १९६० चा. नागरिक आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं नेण्याचा नव्हता. रस्ता बंद करण्यात भारताची चूक ठरली नाही.

स्वयंसेवकांचं धाडस खरंच, मला त्याचा अभिमान आहे. पण शेजारी देशाने आपल्या सीमेवर असंच केलं, तर आपण त्याला काय म्हणू? मोजायची पट्टी दोन्हीकडे एकच हवी ना! भेटू पुढच्या भागात.