मूत्रवाहिनीचा शेजार

उत्सर्जन संस्था शिकवताना आपण फळ्यावर घेवड्याच्या बियांसारखी दोन मूत्रपिंडे काढतो, त्यांतून खाली येणाऱ्या दोन नळ्या आणि शेवटी एक पिशवी. आकृती सुबक दिसते, मुलांना परीक्षेत काढता येते. पण खाटकाकडे बोकडाचा गुरदा पाहिला तर वेगळेच दिसते. पांढऱ्या चरबीच्या गोळ्यात तो पुरता बुडालेला असतो. खाटीक चरबी सोलून गुरदा हातावर ठेवतो आणि मूत्रवाहिनी त्या चरबीबरोबरच निघून जाते. शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी शंभरावर वर्षे हेच केले. फरक इतकाच की त्यांनी मूत्रवाहिनी ठेवली आणि चरबी फेकली.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांची नजर मात्र या चरबीवरच खिळली होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात मेद वाहून नेणाऱ्या स्रोतसांचे मूळ म्हणून वृक्क, म्हणजे मूत्रपिंडे, सांगितली आहेत. सुश्रुतही वृक्कांचा संबंध मेदाशी जोडतो. मूत्राचे मूळ म्हणून मात्र चरक बस्तीचे, म्हणजे मूत्राशयाचे, नाव घेतो. साताऱ्याच्या आयुर्वेद महाविद्यालयाचे नाव ‘आर्यांग्ल’ आहे, आर्य आणि आंग्ल असे दोन्ही. अशा ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एका तासाला वृक्क मेदाचे मूळ म्हणून भेटते आणि दुसऱ्या तासाला मूत्र गाळणारे इंद्रिय म्हणून. यावरून प्राचीनांना सगळे आधीच ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह काहींना होतो; तो टाळावा. त्यांनी जे डोळ्यांना दिसले ते नोंदवले, आणि गुरदा उघडल्यावर आधी दिसते ती चरबीच.

साताऱ्याहून कृष्णेच्या काठाने खाली सांगली-मिरजेकडे आले की दुसरी परंपरा भेटते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि १८९७ साली तिथेच वैद्यकीय शाळा सुरू झाली. या पाश्चात्त्य वैद्यकात शवविच्छेदनाला मोठे स्थान होते. विच्छेदनाच्या टेबलावर चरबी बाजूला सारून शिरा, नसा आणि नळ्या ‘स्वच्छ’ दाखवणे हे कौशल्य समजले जाते. चरबी म्हणजे भरताड, पेटीतल्या काचेच्या भांड्याभोवती खुपसलेल्या गवतासारखी.

या समजाला प्रयोगाचा भक्कम आधारही मिळाला होता. मूत्र मूत्रपिंडातून मूत्राशयात केवळ उतारामुळे येत नाही. सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात. त्यांच्या आकुंचनाची लाट मिनिटाला काही वेळा वरून खाली सरकते, म्हणूनच आडवे झोपल्यावरही मूत्र पुढे जाते. ही लाट कोण उठवते? १८६९ साली थिओडोर एंगेलमान यांनी मूत्रवाहिनीचा मधला भाग तपासला. तिथे चेतापेशींचे पुंजके सापडले नाहीत, तरी आकुंचन चालूच होते. स्नायू स्वतःच्याच बळावर लय धरतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पुढे हाच विचार हृदयालाही लावला. (मिरजेसारख्या तंतुवाद्यांच्या गावातल्या वाचकांना गंमत वाटेल: एंगेलमान चेलो वाजवत आणि संगीतकार ब्राम्स यांनी आपली एक तंतुवाद्य-चौकडी त्यांना अर्पण केली आहे.)

निष्कर्ष बरोबरच होता, पण त्यातून एक सवय पडली. स्नायू स्वयंपूर्ण असेल तर शेजाऱ्यांची दखल कशाला घ्यायची? नळीचा तुकडा कापायचा, चरबी खरवडायची, कोमट क्षारद्रावात टांगायचा आणि आकुंचने मोजायची. रक्तवाहिन्यांच्या प्रयोगांतही हीच रीत होती.

तिला पहिला धक्का बसला तो रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूने. रॉबर्ट फर्चगॉट यांना सशाच्या महाधमनीची पट्टी ॲसिटिलकोलिनने आकुंचन पावताना दिसे. जिवंत प्राण्यात मात्र त्याच द्रव्याने रक्तवाहिन्या सैलावत. १९७८ साली त्यांच्या साहाय्यकाकडून प्रयोगाच्या पायऱ्यांत चूक झाली आणि पट्टी चक्क सैलावली. शोध घेता कळले की पट्टी तयार करताना आतला नाजूक पेशीथर नकळत घासला जात होता आणि सैलावण्याचा निरोप त्याच थरातून येत होता. हे १९८० साली प्रसिद्ध झाले. १९९८ साली फर्चगॉट यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आतला थर चुकून गेला होता. बाहेरची चरबी तर मुद्दाम काढली जाई. १९९१ साली सोल्टिस आणि कॅसिस यांनी उंदराच्या महाधमनीवर ती तशीच ठेवून पाहिली, तर नॉरॲड्रेनलिनचा परिणाम कमी पडला. त्यांना वाटले, चरबीतले चेतातंतू ते द्रव्य शोषून घेत असावेत. मग १९९४ साली लेप्टिन सापडले आणि चरबी स्वतः संप्रेरक स्रवते हे उघड झाले. २००२ साली बर्लिनच्या एका गटाने फार साधा प्रयोग केला. चरबीसह ठेवलेल्या धमनीभोवतीचा द्राव त्यांनी चरबी काढलेल्या धमनीवर घातला. ती सैलावली! म्हणजे चरबी केवळ शोषत नव्हती, काहीतरी सोडतही होती.

मूत्रमार्गाकडे हा विचार उशिराच वळला. प्राण्यांच्या मूत्रवाहिनीचे तुकडे भोवतालच्या चरबीसह टांगले, तेव्हा तिथेही आकुंचने मंदावलेली दिसली. मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे त्याला याचे मोल सांगायला नको. अडकलेल्या खड्यावर नळी आवळते, मागे मूत्राचा दाब वाढतो आणि माणूस गडबडा लोळतो. काही रुग्णांना खडा उतरावा म्हणून स्नायू सैल करणारी औषधे दिली जातात. ती आधी पारखली जातात अशाच टांगलेल्या तुकड्यांवर, आणि ते तुकडे सोललेले असतील तर निष्कर्षात शेजाऱ्याचा वाटा येतच नाही.

त्यात लठ्ठपणाची गुंतागुंत आहे. चरबी वाढली तर सैलावणे वाढावे असे वाटेल, पण २००९ साली मँचेस्टरच्या गटाला लठ्ठ व्यक्तींच्या लहान धमन्यांभोवतीच्या चरबीत हा गुण नाहीसा झालेला आढळला. चरबीत दाह होता आणि प्राणवायू अपुरा पडत होता. मूत्रवाहिनीभोवतीच्या चरबीलाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

शल्यविशारद मात्र मूत्रवाहिनी कधी पूर्ण सोलत नाहीत. तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बाहेरच्या आवरणातून आणि भोवतालच्या ऊतीतून जातात; त्या तुटल्या तर नळी सुकते, आकसते. जे प्रयोगशाळेत कचरा म्हणून गेले, ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर वेगळ्याच कारणाने जपले गेले.

वर्गात दाखवायला गुरदा आणणार असाल तर खाटकाला आधीच सांगून ठेवा: चरबी काढू नका. मुलांनी ती स्वतः हळूहळू बाजूला करत मूत्रवाहिनी शोधावी. पाच-दहा मिनिटे जास्त जातात, हात तेलकट होतात.