स्टेशनपासून पाच मिनिटं

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एका लेखनप्रकारावर कायम अन्याय केलेला आहे. कादंबरी झाली, नाटक झालं, लघुकथेवर तर प्रबंधांचे गठ्ठे पडले. परंतु वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, ‘वधू पाहिजे’ आणि ‘हरवले आहेत’ यांच्या मधोमध, बारीक टाईपात छापल्या जाणाऱ्या ‘जागा’ या सदराची कोणी दखल घेतली नाही. वास्तविक इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी कल्पनाशक्ती दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार? ‘हवेशीर, प्रशस्त, २४ तास पाणी, स्टेशनपासून ५ मिनिटं.’ एकाही शब्दाला पुरावा नाही आणि तरीही वाचणारा रविवारी सकाळी चहा अर्धा टाकून निघतो. असा वाचक कोणत्या कवीला मिळाला आहे?

या वाङ्मयाची गंगोत्री मुंबईत शोधायची तर थेट १८६४ साली जावं लागतं. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका झाला की तो ठेवायला जमीन पुरेना. मग समुद्रात भराव घालून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातली बॅक बे रेक्लमेशन कंपनी सगळ्यांत गाजली. तिचा पाच हजारांचा शेअर चढत चढत पन्नास हजारांच्या घरात गेला. आता गंमत पाहा. ज्या जमिनीसाठी ही झुंबड, ती जमीन त्या वेळी पाण्याखाली होती. तिच्यावर मासे राहत होते, आणि तेही भाडं न देता! १८६५ साली अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे बडे शेठही गोत्यात आले. समुद्र तेवढा जागच्या जागी राहिला.

एवढं झाल्यावर मुंबई शहाणी झाली असेल असं वाटत असेल तर तुम्ही मुंबईत राहिलेले नाही. १९२० नंतर सरकारनेच पुन्हा बॅक बेत भराव घालायला घेतला. खर्च फुगला, काम रखडलं, आणि वीर नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. पुढे काय झालं? भरावातली लबाडी ज्या माणसाने उघड केली त्याचंच नाव भरावाच्या टोकाला दिलं गेलं. नरिमन पॉइंट! टीकाकाराचं तोंड बंद करण्याचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही.

या दोन भरतींच्या अलीकडे-पलीकडे एक ओहोटीचाही काळ येऊन गेला, यावर आजच्या मुलांचा विश्वास बसत नाही. आमचे आजोबा सांगत की १९३०च्या सुमारास, मंदीच्या दिवसांत, चाळींच्या दारांवर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लटकलेल्या असायच्या. घरमालक खाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘या, वर येऊन बघा तरी’ म्हणायचा. आजोबा हे सांगायला लागले की आम्ही भावंडं एकमेकांकडे पाहायचो. सिंहगडावर घोरपड लावल्याची गोष्टही आम्हांला यापेक्षा जास्त खरी वाटायची.

मग दुसरं महायुद्ध आलं, फाळणी आली, मुंबईत माणसांचा लोंढा आला आणि १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आला. या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जिथे होतं तिथे खिळा मारून ठेवलं. हेतू उत्तम होता. गोरगरिबाला कोणी रस्त्यावर काढू नये. परंतु भाडं थांबलं तरी बाजार थांबत नाही. त्याने दार बंद पाहिलं आणि तो खिडकीतून आत आला. त्या खिडकीचं नाव पागडी.

पागडी घेणं त्या कायद्याने गुन्हा होता. गुन्हा असल्यामुळे पावती नव्हती. पावती नसल्यामुळे सगळा व्यवहार विश्वासावर होता, आणि दोन अनोळखी माणसांमध्ये विश्वास निर्माण करण्यासाठी एक तिसरा माणूस लागत होता. तोच आपला दलाल! त्याला ऑफिस नव्हतं. इराण्याच्या हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल हेच त्याचं ऑफिस, आणि चहाचं बिल येणारा पक्षकार देणार. ‘मालक आपला माणूस आहे’ हे वाक्य तो भाडेकरूला सांगायचा आणि ‘पार्टी आपली आहे’ हे मालकाला. दोघांचाही आपला असणारा हा माणूस नेमका कोणाचा, हे दलालीचे पैसे देऊन झाल्यावर कळायचं. ती खिडकी पुढे १९९९च्या भाडेनियंत्रण कायद्याने अधिकृत दार करून टाकली, हा भाग वेगळा.

भाड्याने द्यायला कोणी घर बांधेना तेव्हा ‘मालकी हक्काचे ब्लॉक’ नावाची नवी वस्तू बाजारात आली. चाळीतल्या माणसाला ‘मालकी’ हा शब्द ऐकूनच गुदगुल्या होत. आमच्या चाळीत एक मास्तर होते. १९६१ साली त्यांनी उपनगरातल्या एका ब्लॉकसाठी तीन हजार रुपये भरले. प्रॉव्हिडंट फंडातलं कर्ज आणि बायकोच्या पाटल्या मिळून ते तीन हजार झाले होते. बदल्यात त्यांना एक पावती आणि एक रंगीत चित्र मिळालं. चित्रात इमारत होती, इमारतीपुढे मोटार होती, आणि मोटारीपाशी एक बाई छत्री घेऊन उभी होती. मास्तर दर रविवारी गाडीने जाऊन जागा पाहून येत. आधी पाया खणलेला दिसला, मग पायात पाणी साचलेलं दिसलं, मग त्या पाण्यात म्हशी दिसू लागल्या. बिल्डर दिसायचा बंद झाला. तेच ब्लॉक आणखीही काही जणांना विकलेले होते, असं मागाहून कळलं. मास्तरांनी कधी आरडाओरडा केला नाही. ते चित्र मात्र त्यांनी भिंतीवरून काढलं नाही. आम्ही मुलं त्या छत्रीवाल्या बाईची टिंगल करायचो, तेव्हा मास्तरीणबाई आत निघून जात. का, ते कळायला आम्हांला बरीच वर्षं लागली.

असे मास्तर गल्लोगल्ली झाले होते. सरकारने १९६० साली या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी एक समिती नेमली होती. तिच्या पाठोपाठ १९६३चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायदा आला. करारनामा करण्याआधी किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, नकाशे दाखवायचे, घेणाऱ्यांच्या संमतीशिवाय ते बदलायचे नाहीत, सोसायटी करून द्यायची, जमीन तिच्या नावावर करायची. वाचताना डोळे भरून यावेत असा कायदा! परंतु जमीन नावावर करून देण्याचं कलम असंख्य बिल्डरांनी विसराळूपणाने सोडून दिलं. लोक चौथ्या मजल्याचे मालक होते, पण त्या मजल्याखालची जमीन दुसऱ्याचीच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपण निव्वळ हवेत तरंगत होतो. शेवटी २००८ साली दुरुस्ती करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावं लागलं. या शब्दाचा उच्चार न अडखळता करता आला की अर्धं काम झालं असं समजतात.

कायदा आला म्हणून जाहिरातीची प्रतिभा आटली नाही. उलट ती बहरली. १९८३ साली आम्ही उभयता कल्याणच्या अलीकडे एक जागा पाहायला गेलो होतो. जाहिरातीत अर्थातच स्टेशनपासून पाच मिनिटं. एजंट नावाचे एक हसतमुख गृहस्थ आमच्यापुढे चालत होते. पंचवीस मिनिटं झाली, दोन शेतं आणि एक नाला झाला, तेव्हा मी घड्याळ दाखवलं.

‘‘साहेब, पाच मिनिटं म्हणजे रिक्षाने,’’ ते म्हणाले.

‘‘पण रिक्षा कुठे आहे?’’

‘‘रस्ता झाला की येणार ना!’’

‘‘आणि रस्ता?’’

‘‘मंजूर आहे साहेब. वहिनी, जरा जपून हां, इथे चिखल आहे.’’

म्हणजे अंतर खरं होतं, फक्त ते भविष्यकाळातलं होतं. बायकोने तिथल्या विहिरीवरच्या बाईला विचारलं, ‘‘पाणी चोवीस तास असतं का हो?’’ ती म्हणाली, ‘‘विहिरीत असतंच की.’’ आम्ही त्याच चिखलातून परत फिरलो. एजंटसाहेब मात्र शेवटपर्यंत हसतमुख होते. ‘‘विचार करून सांगा, दोन पार्ट्या उद्याच येतायत,’’ असं ते स्टेशनवर निरोप देताना म्हणाले. त्या दोन पार्ट्या मुंबईत मी आजवर निदान दहा जागांच्या मागे ऐकल्या आहेत. बिचाऱ्या उद्याच येत असतात.

पुढे क्षेत्रफळाचंही तेच झालं. पूर्वी खोली दहा बाय बारा असायची आणि सतरंजी टाकली की कळायची. मग कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप असे तीन अवतार झाले. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी, वॉचमनची खुर्ची आणि बहुधा वॉचमनही धरलेला असायचा. हजार चौरस फुटांचे पैसे भरून आत गेलं की पायाखाली साडेसहाशे भरायचे. उरलेले साडेतीनशे कुठे, असं विचारलं तर उत्तर यायचं, ‘‘तुम्ही जिना चढून आलात ना? तेच ते.’’ खालची मोकळी जागा पार्किंग म्हणून वेगळी विकायची ती निराळीच. ती तशी विकता येत नाही, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

२०१६ साली रेरा कायदा आला आणि २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचं काम सुरू झालं. आता कार्पेटची व्याख्या कायद्यातच लिहिलेली आहे. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. खोट्या जाहिरातीला भुलून ज्याने पैसे भरले त्याला ते व्याजासकट परत मागता येतात. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे, आणि २०२३ पासून तर त्याला परीक्षासुद्धा द्यावी लागते. या बातमीने मला फार बरं वाटलं. आमच्या हसतमुख गृहस्थांनी ‘स्टेशन ते जागा’ हे गणित कसं सोडवलं असतं, ते तपासायला मी फुकट परीक्षक झालो असतो.

पण प्रतिभेला कायद्याचा बांध पुरत नाही, हेही लगेच दिसलं. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती अशा निघाल्या की त्यांच्या बांधकाम परवानग्याच बनावट होत्या, आणि त्या बनावट कागदांवर खुद्द महारेराची नोंदणी मिळवलेली होती. हे प्रकरण २०२२ साली उघडकीस आलं आणि २०२४च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत माणसं राहत होती. त्यांनी नोंदणी क्रमांक पाहिला होता, बँकेचं कर्ज काढलं होतं, दारावर गणपती लावला होता. आमच्या मास्तरांना निदान म्हशी दिसल्या होत्या. या लोकांना चार भिंती दिसत होत्या, दार होतं, दाराला कडी होती. खोटा होता तो फक्त कागद.

मुंबईत रोटला मिळेल पण ओटला मिळणार नाही, असं जुने लोक म्हणत. हा ओटला शोधणाऱ्याला फसवणं सोपं असतं. तो मूर्ख असतो म्हणून नव्हे, तर त्याला घर हवं असतं म्हणून. तहानलेला माणूस पाण्याची चव घेत बसत नाही. म्हणून नातलगांत कोणी जागा घ्यायला निघालं की मी चार गोष्टी सांगतो. महारेराचा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका. परवानगीचा कागद घेऊन थेट महापालिकेत जा आणि तो त्यांनीच दिला आहे का ते विचारा. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक वकिलाला दाखवा. आणि चौथी गोष्ट म्हणजे, जागा जुलै महिन्यात पाहा, संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने जा, हातात दहा किलो तांदळाची पिशवी घ्या आणि स्टेशनपासून चालायला लागा. ती पिशवी पहिल्यांदा खाली ठेवावीशी वाटेपर्यंत घर आलं, तर जाहिरातदार सज्जन आहे असं खुशाल समजा.