हिरव्या रंगाखालची जीप

आमच्या प्रयोगशाळेतील आम्ही चौघांनी मिळून काही वर्षांपूर्वी भंगाराच्या आवारातून एक जुनी जीप विकत घेतली. तिला लष्करी हिरवा रंग होता आणि बॉनेटवर मोठा पांढरा तारा काढलेला होता. पाहणारा प्रत्येक जण विचारी, "दुसऱ्या महायुद्धातली का?" खरे सांगायचे तर पहिला आठवडाभर आम्हालाही तसेच वाटावेसे वाटत होते.

ते शक्य नव्हते, हे बॉनेटच सांगत होते. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कारखान्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या गाडीची मागणी नोंदवली. नमुना द्यायचा होता ४९ दिवसांत. बॅन्टम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने अवघ्या दोन दिवसांत आराखडे काढले आणि सप्टेंबरमध्ये गाडी वेळेवर सैन्याच्या तळावर पोचली. पण बॅन्टमची उत्पादनक्षमता तोकडी होती. मोठी कामे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेली. विलीजचे इंजिन सर्वांत जोमदार, ६० अश्वशक्तीचे होते, पण गाडी वजनाच्या मर्यादेबाहेर जात होती. मर्यादा होती २१६० पौंड, म्हणजे सुमारे ९८० किलो. डेल्मर रूस या मुख्य अभियंत्याने बोल्टची जास्तीची लांबीसुद्धा कापून वजन उतरवले. रंगाचा दुसरा हात दिला असता तर गाडी पुन्हा मर्यादेबाहेर गेली असती, असेही सांगतात! युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, 'एफ' हे अक्षर उमटवले होते. त्यामुळे जुन्या जीपचे हौशी संग्राहक आजही भिंग घेऊन बोल्ट तपासताना दिसतात.

या युद्धकालीन इंजिनात आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्यामुळे इंजिन बुटके आणि बॉनेटही खाली. युद्धानंतर विलीजने त्याच २.२ लिटरच्या इंजिनात आत घेणारी झडप सिलिंडरच्या डोक्यावर नेली. तिथे ती मोठी करता आली, मिश्रण अधिक आत येऊ लागले आणि शक्ती सत्तरच्या पुढे गेली. मात्र इंजिनाची उंची वाढली. ते बसवण्यासाठी बॉनेट सरळ वर उचलावे लागले. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेल्या या नमुन्याचे नाव सीजे-३बी. आमच्या गाडीचे बॉनेट असेच उंच होते. म्हणजे ती १९५३ नंतरची, आणि अर्थातच महायुद्ध न पाहिलेली.

महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जुळवायला सुरुवात केली होती. हा उंच बॉनेटचा नमुना पुढे कित्येक वर्षे भारतात तयार होत राहिला. ग्रामीण महाराष्ट्रात शिकलेल्या वाचकांना तो वेगळा सांगायला नको. १९५२ पासूनच्या विकासगटांमध्ये आणि १९६२ मध्ये पंचायत समित्या आल्यावर तालुक्या-तालुक्यांत हीच गाडी फिरली. शाळेच्या वळणावर जीपची धूळ दिसली की तपासणी आली, हे गुरुजींना दाखला मागण्याआधीच कळत असे.

आमच्या गाडीच्या आर.सी. बुकात पहिल्या नोंदणीचे वर्ष १९६४ होते. बाकी चरित्र पत्र्यावरून वाचायचे होते, आणि तिथे आमच्या हातून मोठी चूक झाली. उत्साहाच्या भरात आम्ही डावी बाजू वायर ब्रशने घासून दोन दिवसांत लख्ख पत्र्यापर्यंत नेली. उत्खनन करणाऱ्याने वरचे थर कुदळीने उडवून द्यावेत, तसाच हा प्रकार. शिवाय जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. तो असा कोरडा घासून धूळ उडवणे प्रकृतीलाही वाईट. उजव्या बाजूला मात्र आम्ही पाण्याचा पॉलिश पेपर वापरून हळूहळू उतरू लागलो. हिरव्याखाली लांबीचा जाड थर, मग पांढरा, त्याखाली राखाडी, शेवटी रेड ऑक्साईड. बॉनेटच्या उजव्या अंगाला पांढऱ्या थरावर काळ्या रंगात एका शब्दाचा शेवट दिसू लागला: "…मिती". पुढचा भाग पत्रा बदलताना गेला असावा. डाव्या अंगाला हीच अक्षरे कदाचित पूर्ण असतील. ती आम्ही झाडून केराच्या टोपलीत टाकली होती. हिरवा रंग हा सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत अलीकडचा होता. कुणीतरी हौसेने तिला सैनिक बनवले होते.

दुसरा शोध गाडीखाली लागला. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जागेवरच नव्हता. "काढून ठेवलेला असतो, साहेब. सगळेच काढायचे," आमचे मिस्त्री म्हणाले. गाडी वळते तेव्हा चारही चाके वेगवेगळ्या त्रिज्यांच्या वर्तुळांवर धावतात. डाव्या-उजव्या चाकांतील फरक डिफरन्शियल सांभाळतो. पण पुढच्या आणि मागच्या जोडीतील फरक सांभाळणारे काही या जीपमध्ये नाही. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. डांबरी रस्त्यावर सगळा ताण गिअर आणि टायर यांवर येतो. म्हणून तिथे पुढची गती दांड्याने तोडून ठेवायची. तोडली तरी चाकांबरोबर शाफ्ट फुकट फिरतच राहतो आणि तेल जास्त जाते. मग मालक तो काढूनच टाकत.

शाफ्ट मिळवून बसवल्यावर चाक पूर्ण वळवून शेतातल्या चिखलातून गाडी काढली, तेव्हा स्टिअरिंगला हिसके बसू लागले. मिस्त्रींचा 'क्रॉस', म्हणजेच सतराव्या शतकातील रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जाणारा सांधा, पुढच्या चाकांतही होता. त्याचा गुणधर्म असा की एक टोक एकसारखे फिरवले तरी कोनात असलेले दुसरे टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंद आणि दोनदा जलद होते. कोन ३० अंशांचा असेल तर वेग मूळ वेगाच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा हेलकावतो (कोज्या ३० आणि तिचा व्यस्त, अकरावीच्या वर्गात हे उदाहरण घेता येईल). हा दोष टाळणारा समवेगी सांधा आल्फ्रेड झेपा यांनी १९२० च्या दशकात शोधला आणि युद्धातील अनेक जीपमध्ये असे सांधे होते. आमच्या शांतताकालीन जीपला स्वस्त सांधा मिळाला होता.

आता राहिले इंजिन. उंच बॉनेटखाली ते पेट्रोल इंजिन नव्हतेच. एक डिझेल इंजिन होते. आर.सी. बुकात बदलाची नोंद १९८१ ची. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव चढत गेले आणि असे कितीतरी मालकांनी केले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नवे नियम काढले. पन्नास वर्षांवरील खासगी गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. मात्र ती मूळ रूपात हवी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. वयाने आमची गाडी पात्र, इंजिनाने अपात्र!

आमच्यातील एकाने एक जुने पेट्रोल इंजिन शोधून काढले. त्याचे म्हणणे, ते बसवले की गाडी १९६४ ची होईल. दुसऱ्याचे म्हणणे, तेव्हा ती १९६४ सारखी दिसेल, पण १९८१ ची नोंद खोटी पडेल. हा वाद तीन महिने चालला आणि दोघांपैकी कुणीही चुकीचे बोलत नव्हते. जगभरातील जुन्या वाहनांच्या संघटनांचा महासंघ 'फीवा' याच्या तुरीन सनदेतही गाडीच्या आयुष्यातील जुन्या बदलांना इतिहासाचा भाग मानले आहे. पण परिवहन कार्यालयात सनद चालत नाही. शेवटी मत मिस्त्रींना विचारले. त्यांनी डिझेल इंजिन सुरू करून कान लावला आणि म्हणाले, "हे चांगलं चाललंय की. कशाला काढता?"

पेट्रोल इंजिन शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. खास क्रमांकासाठी आम्ही अर्ज केलेला नाही. गाडी राखाडी रंगवली आहे, पण बॉनेटच्या उजव्या अंगाला वीतभर चौकोन तसाच सोडून त्यावर पारदर्शक रोगण दिले आहे. तिथे चारही रंग कडेकडेने दिसतात आणि मध्ये "…मिती".