शिडं दिसली की संकट आलंच

औंध, साल १९३२. तुम्ही आटपाडीहून आलाय. आटपाडी याच संस्थानातली. तिथं दुष्काळ पाचवीला पुजलेला, समुद्र तुम्ही पाहिलेला नाही. राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचं अजिंठ्यावरचं पुस्तक यंदाच निघालंय. ते उघडा आणि सरळ पाचव्या शतकात उतरा.

बाहेर वाघोरा नदी वाहतेय. दोन नंबरच्या लेण्यात दिव्यांचा धूर डोळ्यांत जातो. माती, शेण, भुसा कालवून केलेल्या गिलाव्यावर चितारी जहाज काढतोय. तीन डोलकाठ्या, उंच अरुंद शिडं, मागं ओळीनं ठेवलेले रांजण. नाळेवर डोळा रंगवलाय. या लेण्यांत निळ्यासाठी लागणारा लाजवर्दी दगड थेट बदख्शानहून येतो. म्हणजे रंगसुद्धा व्यापारी मालच.

या चित्रातली कथा सोपारा बंदराची आहे. पूर्ण हा तिथला व्यापारी, पुढं भिक्खू झालेला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला. चंदनवनाचा यक्ष भडकला, वादळ उठलं, गलबत बुडायला आलं. भावानं पूर्णाचा धावा केला आणि पूर्ण धावून आला. वाचलेल्या चंदनातून बुद्धासाठी मंडप उभा राहिला.

चितारी भरल्या बंदरातलं जहाज रंगवू शकला असता. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी तसं केलं. त्यांच्या शिडांत देशाची श्रीमंती फुगलेली दिसते. वादळं त्यांनीही काढली म्हणा. आपल्याकडच्या भिंतीवर मात्र जहाज बहुधा जीव टांगणीला लागल्यावरच येतं. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात डोकवा: बोधिसत्त्व अवलोकितेश्वराच्या भोवती माणसावर येणारी संकटं कोरलीत, त्यांत बुडणारी नाव आहेच. हत्ती, चोर, आग यांच्या पंगतीत समुद्र.

आता बोरिवलीजवळच्या एकसरला या. तिथं वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा. समुद्रावरची लढाई, काही अभ्यासक ती यादव आणि शिलाहारांमधली, तेराव्या शतकातली मानतात. इथं पूर्णासारखा वाचवायला कुणी येत नाही. खाली जहाजं भिडलेली, वीर पडलेले. वर त्यांना स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. इथलं जहाज सरळ मरणाच्या वाटेवरचं. तरीही वल्ह्यांच्या रांगा पाहा, कशा शिस्तीत कोरल्यात. कोरणाऱ्यानं असली जहाजं जवळून पाहिली असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.