अकरा छेद पंचवीस

लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं मला एक छापचित्र दिलं. जुन्या वाड्याचा जिना आणि त्यावर वरून पडलेला उजेड, एवढंच. खालच्या कोऱ्या पट्टीत शिसपेन्सिलीनं उजवीकडे चित्रकर्तीची सही आणि डावीकडे 11/25. आमचं लग्न 11 तारखेचं. पंचवीस प्रतींतली अकरावी अजून शिल्लक आहे ना, हे विचारून त्यानं ती बाजूला काढून ठेवायला लावली होती.

या आकड्याचं कूळ तांब्याच्या मऊपणात आहे. माझं चित्र ड्रायपॉइंट आहे, म्हणजे टोकदार सुईनं थेट तांब्याचा पत्रा ओरबाडून केलेलं. नांगराचं तास पडताना माती जशी कडेला उचलली जाते, तसं रेघेच्या काठानं तांबं उभं राहतं. शाई त्या काठाला धरून बसते आणि कागदावर रेघ मखमलीसारखी उमटते. पण छापायचं यंत्र म्हणजे जवळजवळ उसाचा चरकच. पत्रा आणि त्यावरचा ओलसर कागद रुळांमधून दाबून काढायचा. दर वेळी तो काठ जरासा चेपतो आणि काही डझन प्रतींत मखमल विरून जाते. एचिंगमध्ये आम्लानं खोदलेली रेघ जास्त टिकते, तरी झिजते तीही. रेम्ब्रांट 1669 मध्ये गेला, त्यानंतरही त्याच्या पत्र्यांवरून प्रती निघत राहिल्या आणि रेघा फिक्या होत गेल्या.

19व्या शतकाच्या मध्यावर तांब्यावर विजेच्या साह्यानं लोखंडाचा पातळ थर चढवायची युक्ती निघाली. आता एका पत्र्यावरून हजारो प्रती निघू शकत होत्या. इतके दिवस मर्यादा तांबं घालत होतं, ती आता माणसाला घालावी लागली. घेणाऱ्याला शब्द हवा होता: एवढ्याच काढल्या, पुढे काढणार नाही.

हा शब्द पेन्सिलीनं द्यायची रीत रुळवली ती मुख्यतः चित्रकार व्हिसलरनं आणि त्याचे मेहुणे, पेशानं शल्यवैद्य असलेले सीमोर हेडन यांनी. कलासमीक्षक जॉन रस्किनवरचा बदनामीचा खटला व्हिसलर 1878 मध्ये जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीनं त्याला बारा एचिंग करायला व्हेनिसला धाडलं. तीन महिन्यांचा करार होता, तो राहिला वर्षाहून अधिक. त्या बारा चित्रांचे शंभर संच काढायचं ठरलं. कागदाचा समास तो चित्राच्या कडेपर्यंत कापून टाकी, फक्त खाली एक इवलीशी जीभ ठेवी आणि तिच्यावर पेन्सिलीनं आपल्या सहीचं फुलपाखरू काढी. शेजारी लिही ‘इम्प.’, म्हणजे छापली मी स्वतः. 1880 च्या दशकात सही असलेल्या प्रतीला तो दुप्पट दाम घ्यायचा, मग छपाईत फरक असो वा नसो. प्रतींना क्रमांक घालायचा रिवाज मागाहून आला आणि 20व्या शतकात पक्का झाला. आवृत्ती संपली की पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा मारून तो कायमचा बाद करायचा, हा त्याच शब्दाचा दुसरा अर्धा.

आपल्याकडे घराघरांत छापील चित्र शिरलं ते उलट्या वाटेनं. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. त्या लक्ष्मी-सरस्वती जितक्या जास्त निघतील तितकं बरं, आणि देव्हाऱ्यापर्यंत पोचल्या त्या तशाच. ती थोर गोष्ट होती. तिथं आकड्याची गरजच नव्हती.

प्रती वाळल्यावर गठ्ठ्यानं सह्या होतात, तेव्हाच आकडे पडतात. म्हणून माझी अकरावी छापतानाही अकरावीच निघाली असेल असं नाही. पण पंचवीसवर थांबायचं हे त्या बाईंनी ठरवलं, आणि जिन्याच्या सावलीतली मखमल अजून शाबूत आहे, हे भिंगाखाली स्पष्ट दिसतं. त्या पंचवीसांतून नवऱ्यानं आमची तारीख हुडकली, याचं मला फार अप्रूप आहे.

फ्रेमवाल्यानं माउंट चित्राच्या कडेला भिडवून कापायला घेतला होता; पेन्सिलीचं लिखाण झाकलं की बरं दिसतं म्हणाला. मी खाली दोन बोटं जागा सोडायला सांगितली. आता पत्र्याच्या दाबानं कागदात उमटलेली खोलगट कड दिसते, आणि तिच्याखाली 11/25.