गाठ अंडाशयात, मूळ जठरात : क्रुकेनबर्ग यांच्या चुकीची कथा

१/१०
गाठ जिथे दिसते, तिथेच रोगाचे मूळ असते का? अंडाशयाच्या शस्त्रक्रियेला या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळजवळ शतक लागले. त्या शोधाचा हा इतिहास. #थ्रेड

२/१०
डिसेंबर १८०९. अमेरिकेतील केंटकी राज्यात एफ्रैम मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड यांच्या पोटातून अंडाशयाची सुमारे दहा किलोंची गाठ काढली. भुलीचे औषध तेव्हा नव्हते. तरीही त्या पुढे ३२ वर्षे जगल्या.

३/१०
पुढे भूल आणि जंतुनाशन आले व ही शस्त्रक्रिया रूढ झाली. पण काही स्त्रियांच्या बाबतीत गाठ पूर्ण निघे, जखमही भरे, आणि थोड्याच काळात मृत्यू गाठे.

४/१०
१८९६ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे फ्रिडरिख क्रुकेनबर्ग या तरुण वैद्याने अशा गाठींचे बारकाईने वर्णन केले. बहुधा दोन्ही अंडाशयांत वाढ. पेशींत श्लेष्मा इतका साठलेला, की केंद्रक कडेला ढकलले जाऊन पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसे.

५/१०
वर्णन अचूक होते, निष्कर्ष मात्र चुकला. हा अंडाशयातच उद्भवणारा नवा रोग आहे, असे त्यांनी मानले. पुढे ते नेत्रवैद्यकाकडे वळले. गाठीला त्यांचे नाव कायमचे चिकटले.

६/१०
१९०२ मध्ये श्लागेनहाउफर यांनी दाखवून दिले, की या गाठी दुय्यम आहेत. मूळ कर्करोग बहुतेकदा जठरात किंवा पचनमार्गात अन्यत्र असतो. अंडाशय हे त्याचे घर नव्हे, वसाहत होय.

७/१०
हे आधी का उमगले नाही? जठरातील मूळ गाठ पुष्कळदा लहान असते, तिचा त्रास अपचनासारखा वाटतो. अंडाशयातील गाठ मात्र झपाट्याने वाढून पोट फुगवते. साहजिकच सुरी आधी तिकडे वळे.

८/१०
या शोधाने शस्त्रक्रियेचा क्रम पालटला. दोन्ही अंडाशयांत भरीव गाठी दिसल्या, तर जठर आणि आतड्याची तपासणी आधी करायला हवी, हा धडा त्यातून मिळाला. आज ते काम दुर्बिणीने होते. मूळ न शोधता अंडाशय काढणे म्हणजे फांदी छाटून झाड पाडल्याचे समाधान मानणे.

९/१०
मग दुय्यम गाठ काढावी की नाही? रोग अंडाशयापुरताच पसरला असेल आणि मूळ गाठही काढता येत असेल, तर काही रुग्णांचे आयुष्य वाढते, असे अनेक रुग्णालयांच्या नोंदी सांगतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अंडाशयातील गाठी औषधांना कमी दाद देतात. तिथे शस्त्रक्रियेचा विचार अधिक होतो. आयुष्य वाढण्याची आशा नसली, तरी वेदना व दाब कमी करण्यासाठी गाठ काढली जाते.

१०/१०
मात्र या नोंदी सावधपणे वाचाव्या लागतात. शस्त्रक्रियेसाठी मुळात प्रकृतीने बऱ्या आणि रोग कमी पसरलेल्या स्त्रियाच निवडल्या जातात. त्या अधिक जगल्या, याचे श्रेय सुरीचे किती आणि निवडीचे किती, हे वेगळे काढणे कठीण. गाठ कोठून आली, हे श्लागेनहाउफर यांनी १९०२ मध्येच सांगितले. ती कोणाची काढावी, हा वाद अजून मिटलेला नाही.