दिनविशेष : १२ ऑगस्ट – राणी क्लिओपात्रेचा मृत्यू

इ.स.पूर्व ३० मध्ये, रूढ गणनेनुसार आजच्याच तारखेस, मिसरची राणी सातवी क्लिओपात्रा हिने अलेक्झांड्रियात वयाच्या ३९व्या वर्षी आपली जीवनयात्रा संपविली. जिच्या लावण्याचा डांगोरा दोन सहस्र वर्षे पिटला गेला, तिचे रूप अतुलनीय नव्हते, मोहिनी होती ती वाणीची, असे चरित्रकार प्लुटार्क स्पष्ट नोंदवितो. तिचे घराणे मूळचे मॅसिडोनियन ग्रीक; सुमारे अडीच शतके अंमल गाजवूनही त्यातील राजांनी न शिकलेली रयतेची भाषा प्रथम हिनेच आत्मसात केली. बर्लिनच्या संग्रहातील इ.स.पूर्व ३३ च्या एका पपायरसावर, एका रोमन सरदारास दरसाल १०,००० पोती गहू परमुलखी नेण्याची व ५,००० रांजण मद्य आणण्याची जकातमाफी देणारे फर्मान असून, त्याखाली निराळ्या हाताने लिहिलेला, ‘तसे व्हावे’ या अर्थाचा एकच ग्रीक शब्द खुद्द राणीच्या हस्ताक्षरातला असावा, असे काही विद्वान मानतात. दंतकथांतील रूपगर्वितेहून दप्तरावर वाकलेली ही राज्यकर्ती मला अधिक थोर वाटते. रोमच्या ऑक्टेव्हियनपुढे पराभव अटळ दिसताच तिने पुत्र सीझेरियन यास विपुल द्रव्यासह हिंदुस्थानाकडे रवाना केले. परंतु शिक्षकाच्या कपटी सल्ल्याने तो परत फिरला आणि ऑक्टेव्हियनने त्याचा वध करविला.